डिसेंबरच्या डब्यात नानकटाई

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातून एका वाचक भगिनीचे सविस्तर पत्र आले आहे. मिनियापोलिसजवळच्या एका उपनगरात त्या चार वर्षांपासून राहतात. शेजारच्या बाईंनी त्यांना यंदा प्रथमच ‘कुकी एक्स्चेंज’चे, म्हणजे नाताळच्या दिवसांत मैत्रिणी-शेजारणींमध्ये होणाऱ्या कुकीजच्या देवाणघेवाणीचे, आमंत्रण दिले आहे. एकूण 9 जणी जमणार आहेत. प्रत्येकीने एकच प्रकार घरी करायचा, बाकीच्या 8 जणींसाठी प्रत्येकी 6 आणि तिथेच चाखायला 12, असे 60 नग न्यायचे, सोबत कृतीचे कार्ड ठेवायचे, आणि परतताना 8 प्रकारच्या 48 कुकीज घरी आणायच्या, असा रिवाज आहे. भगिनींच्या मनात नानकटाई आहे. मात्र त्यांची 8 वर्षांची मुलगी म्हणते, “आई, तू सगळ्यांसारख्या चॉकलेट चिप कुकीजच कर. आपले काही नेऊ नकोस, कोणी खाणार नाही.” थंडीसाठी सांगलीहून आलेल्या सासूबाई म्हणतात, “आपले चांगले तुपातले द्यायचे आणि अंड्याचे घरी आणायचे, हा कुठला व्यवहार?” त्यातच आईच्या वहीतून उतरवलेली नानकटाई दोनदा करून पाहिली, तर पहिल्यांदा ती पत्र्यावर पसरून एकमेकींना चिकटली, आणि दुसऱ्यांदा उचलताच तिचा भुगा झाला. “मी नानकटाईचा हट्ट सोडावा का?” असे त्यांनी विचारले आहे.

प्रिय भगिनी,

हट्ट सोडू नका; नानकटाईच न्या. हे मी केवळ आपल्या पदार्थाच्या अभिमानापोटी सांगत नाही. देवाणघेवाणीसाठी करायच्या पदार्थात जे गुण लागतात, ते सगळे नानकटाईत आहेत: ती चार-सहा दिवस आधी करून ठेवता येते, मुरल्यावर अधिक चांगली लागते, सगळ्या नगांचा आकार सारखा ठेवता येतो, तिला वरून साखरेचा लेप किंवा मलई लागत नाही, आणि नीट जमलेली असेल तर डब्यातून नेताना तिचा तुकडा पडत नाही. तुमची जमली नाही, ती का जमली नाही हे पुढे सविस्तर लिहिते, कारण माझ्या मते तुमची खरी अडचण तीच आहे. मुलीचे आणि सासूबाईंचे प्रश्न त्या मानाने लवकर सुटतील.

आधी “कोणी खाणार नाही” या भीतीबद्दल. तुम्ही मिनेसोटात आहात, हे तुमच्या फायद्याचे आहे. त्या राज्यात एकोणिसाव्या शतकात नॉर्वे, स्वीडन आणि जर्मनीहून आलेल्या कुटुंबांनी मोठ्या संख्येने वस्ती केली, आणि त्यांच्या नातवंडा-पतवंडांच्या घरी नाताळात अजूनही त्या देशांचे पदार्थ होतात. नॉर्वेजियन घरांतील क्रुमकाके नावाची नक्षीदार, पातळ, सुरळी केलेली कुकी तुम्हाला बहुधा त्या टेबलावर दिसेल, आणि ती तोंडात घातल्यावर कदाचित चकित व्हाल, कारण तिच्यात पुष्कळदा वेलदोडा असतो. स्वीडन आणि नॉर्वेच्या गोड पावांत, विशेषतः नाताळच्या पावात, वेलदोड्याची पूड हमखास पडते. तेव्हा तुमच्या नानकटाईचा वास तिथल्या एखाद्या आजीबाईंना परका वाटण्याऐवजी आपल्या आईच्या स्वयंपाकघराची आठवण करून देणारा ठरण्याचा संभव अधिक आहे. त्याच घरांत सांडबाकेल्स नावाची कुकी छोट्या कंगोरेदार साच्यांत थापून भाजतात. तिच्या नावातच ‘वाळू’ आहे, कारण ती दाताखाली वाळूसारखी विरघळावी अशी अपेक्षा असते. आपण नानकटाई ‘रवाळ’ झाली म्हणून तिचे कौतुक करतो, ते यापेक्षा वेगळे काय आहे? जर्मन वळणाची स्प्रिट्झ कुकी तर पितळी किंवा ॲल्युमिनियमच्या नळकांड्यातून दाबून पाडतात, आणि ते नळकांडे बघून सासूबाई एका क्षणात “हा तर आपला सोऱ्या” असे म्हणतील.

राहिली चॉकलेट चिप कुकी. मुलीला ती ‘सगळ्यांची’ आणि कायमची वाटते, आणि त्यात तिचा दोष नाही. पण ती 1930 च्या दशकात मॅसॅच्युसेट्समधील व्हिटमन गावी टोल हाउस नावाचे खानावळवजा विश्रामगृह चालवणाऱ्या रूथ वेकफील्ड या बाईंनी रूढ केली. म्हणजे तिचे वय अजून शंभरीच्या आतच आहे. ‘कुकी’ हा शब्द तरी मूळचा डच आहे, ‘छोटा केक’ अशा अर्थाचा. आणि सुरतेत सतराव्या शतकापासून डचांची वखार होती, त्या वखारीच्या आसपासच्या भट्ट्यांतून नानकटाई घडली अशी कथा आपल्याकडे सांगतात. कथेचा भाग बाजूला ठेवला, तरी ‘नान’ म्हणजे फारसीत पोळी-भाकरी-पाव, हे नावातच आहे. परक्या भट्टीशी आपल्या तुपाची गाठ पडून हा पदार्थ झाला, एवढे त्याच्या रूपावरून कोणालाही कळेल. अशा पदार्थाने त्या टेबलावर जायला संकोच कशाचा करायचा?

मुलीशी मात्र हा इतिहास सांगून वाद घालू नका, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. आठव्या वर्षी मुलांना वेगळे दिसण्याची भीती फार असते, आणि शाळेच्या डब्यावरून एखाद्या वर्गमैत्रिणीने नाक मुरडलेले त्यांच्या लक्षात वर्षानुवर्षे राहते. ती तुम्हाला लाजत नाही. ती तुमच्यावतीने घाबरते आहे. तिला कामात घ्या. गोळे वजनावर तोलणे हे काम त्या वयाच्या मुलांना विलक्षण आवडते. काट्यावर 20 चा आकडा आला की नाही हे बघण्यात त्यांना खेळाची गंमत येते. कार्डावर पदार्थाचे नाव मोठ्या अक्षरांत इंग्रजीत आणि त्याखाली देवनागरीत तिच्याच हाताने लिहू द्या. चॉकलेट चिप कुकीज तिच्यासाठी नंतर एखाद्या रविवारी घरी करा, पण या डब्यात नको. एकीने एकच प्रकार न्यायचा हा नियम आहे, आणि नानकटाईचे अर्धे अंग चॉकलेटात बुडवून दोघींचे समाधान करण्याचा मोह झालाच तर तो टाळा. त्यात तुपाचा वासही मरतो आणि चॉकलेटलाही न्याय मिळत नाही. एक गोष्ट मात्र मुलीला आधी बजावा: पिठाचा गोळा चाटायचा नाही. आपल्या नानकटाईत अंडे नसले तरी कच्चा मैदा हे भाजलेले, जंतुविरहित पीठ नव्हे, आणि त्यातून पोटाचे आजार झाल्याच्या घटनांमुळे तिथल्या आरोग्य यंत्रणा कच्चे पीठ न खाण्याबद्दल वारंवार सांगत असतात.

आता मूळ विषयाकडे वळते. तुमच्या आईच्या वहीतील कृती तुम्ही पत्रात उतरवली आहे: “तूप 1 वाटी, पिठीसाखर 1 वाटी, मैदा 2 वाट्या, थोडे बेसन, सोडा चिमूट, वेलदोडा. मळून बेकरीतून भाजून आणणे.” ही ओळ वाचून मला माझ्या लहानपणची नाशिकची गल्ली आठवली. दिवाळीच्या आणि मेच्या सुट्टीच्या सुमारास आई परातीत तूप-साखर तळहाताने फेसायची, ते पांढरेशुभ्र होईपर्यंत आम्हाला कोणाला हात लावू द्यायची नाही, आणि मग भरलेला डबा घेऊन मी आणि माझा भाऊ बेकरीच्या ओट्यावर रांगेत बसायचो. भट्टीवाले काका पिठात एक बोट खुपसून बघायचे, कधी मूठभर मैदा टाकायचे, कधी नाही. पत्र्यांवर आमच्या आडनावाची चिठ्ठी चिकटवायचे आणि लांब दांड्याच्या फावड्याने पत्रे आत सरकवायचे. एकदा चिठ्ठी गळून पडली आणि आम्ही कोणा दुसऱ्यांची नानकटाई घरी आणली. आईने पहिल्या घासाला ओळखले, कारण त्यात डालडा होता.

हे सांगण्याचे कारण असे, की आपल्या आयांच्या वह्यांतल्या नानकटाईच्या कृती अर्ध्याच आहेत. भट्टीची आच किती, पत्रा कुठल्या थराला ठेवायचा, किती वेळाने काढायचा, पीठ सैल वाटले तर किती सावरायचे, हा उरलेला अर्धा भाग भट्टीवाल्याच्या बोटात होता आणि तो कोणी लिहून ठेवला नाही. तुम्ही वहीप्रमाणे तंतोतंत केले, आणि म्हणूनच ते फसले. तुमच्या हाताला दोष देऊ नका.

पहिल्या वेळी काय झाले ते पाहू. तुम्ही वाटीऐवजी अमेरिकन मापाचा कप घेतला, सपाट भरून. त्या कपात साधारण 240 मिलिलिटर मावते. त्यात तूप 200 ग्रॅमच्या पुढे जाते, आणि हलक्या हाताने भरलेला मैदा मात्र जेमतेम 120 ते 125 ग्रॅम भरतो. म्हणजे 250 ग्रॅमपेक्षा कमी मैद्याला तुम्ही 200 ग्रॅमहून जास्त तूप घातले. आईची मैद्याची वाटी सपाट नसणार. ती दाबून, वर शीग लावून भरलेली असणार, आणि तुपाची वाटी थिजलेल्या तुपाची, काठापासून बोटभर खाली. शिवाय बाटलीतले विकतचे तूप तुमच्या उबदार स्वयंपाकघरात पातळच राहिले असणार. पातळ तुपात साखर फेसली जात नाही, नुसती भिजते. हवा धरली जात नाही, आणि ओव्हनची ऊब लागताच गोळा जागीच ढासळतो.

दुसऱ्या वेळी तुम्ही अंदाजाने मैदा वाढवत गेलात आणि भाजून झाल्यावर गरम असतानाच उलथन्याने उचललीत. इथे तूप आणि लोणी यांतला फरक लक्षात घ्यायला हवा. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या बटरमध्ये कायद्याने किमान 80 टक्के स्निग्धांश असावा लागतो, आणि उरलेल्या भागात मुख्यतः पाणी असते. त्या पाण्याने मैद्यातील ग्लुटेनचे धागे थोडेफार जुळतात आणि कुकीला बांधून धरतात. तुपात पाणी जवळजवळ नसतेच. त्यामुळे नानकटाई गरम असताना तिला धरून ठेवणारे काहीही नसते. तूप पुन्हा थिजू लागले की मगच ती एकसंध होते. गरम नानकटाई उचलणे म्हणजे ओली भिंत ढकलण्यासारखे आहे. ती पत्र्यावरच निदान 15 मिनिटे राहू द्यावी लागते. त्यातच मैदा जास्त पडला असेल, तर सगळ्या पिठाला पुरेल इतके तूप नसते, आणि मग ती निवाल्यावरही भुगाच राहते.

तेव्हा या वेळी कप-वाटी दोन्ही बाजूला ठेवा आणि वजनकाटा वापरा. 60 नगांसाठी माझे प्रमाण असे आहे: मैदा 450 ग्रॅम, बेसन 120 ग्रॅम, बारीक रवा 50 ग्रॅम, तूप 340 ग्रॅम, पिठीसाखर 260 ग्रॅम, दीड चहाचा चमचा बेकिंग पावडर, अर्धा चमचा मीठ, दोन चमचे ताजी कुटलेली वेलदोड्याची पूड आणि थोडे किसलेले जायफळ. सगळे मिळून साधारण 1220 ग्रॅम होते. प्रत्येक गोळा 20 ग्रॅमचा केला, तर 61 गोळे होतात, आणि तो एकसष्टावा गोळाच तुमची परीक्षा आहे, त्याबद्दल पुढे सांगते. वहीतल्या सोड्याऐवजी मी बेकिंग पावडर मुद्दाम सुचवते. सोड्याला काम करायला दह्यासारखे काही आंबट लागते, ते तुमच्या कृतीत नाही, आणि आंबटाविना जास्त पडलेला सोडा जिभेला साबणासारखा लागतो.

तूप घरीच कढवा, आणि ते काम सासूबाईंना द्या; त्यांच्याइतके ते तुम्हा-आम्हाला साधणार नाही. बिनमिठाच्या बटरच्या 4 कांड्या, म्हणजे 1 पौंड किंवा 454 ग्रॅम, कढवल्या की 340 ग्रॅमच्या आसपास तूप निघते. योगायोगाने तुम्हाला हवे तेवढेच. थोडे कमी भरले, तर बाटलीतले घालून वजन पुरे करा. गाळून ते रात्रभर खोलीत राहू द्या. पातळच राहिले, तर थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवून मधूनमधून ढवळा, म्हणजे दगडासारखे घट्ट न होता लोण्याइतके मऊ, कणीदार राहील. बोट दाबले तर खूण उमटावी, पण बोटावरून ओघळू नये, अशी त्याची स्थिती हवी.

पिठीसाखरेबद्दल एक छोटी सूचना. तिथल्या दुकानात पाकिटात मिळणाऱ्या पिठीसाखरेत गुठळ्या होऊ नयेत म्हणून थोडे मक्याचे स्टार्च मिसळलेले असते. त्याने बिघडत काही नाही, पण घरी मिक्सरमधून साखर दळून बारीक चाळणीने चाळून घेतली, तर नानकटाईला आपल्याकडची चव येते. तूप आणि साखर परातीत तळहाताने किंवा मिक्सरच्या फेटणीने 8 ते 10 मिनिटे फेसा. रंग पिवळसरपणा सोडून पांढुरका व्हायला हवा, आणि मिश्रण हलके, फुगीर दिसायला हवे. इथे घाई केलीत, तर पुढचे सारे कष्ट वाया जातील. मला विचाराल तर संपूर्ण कृतीचा जीव या 10 मिनिटांत आहे. मग मैदा, बेसन, रवा, बेकिंग पावडर आणि मीठ एकत्र दोनदा चाळून, वेलदोडा-जायफळ मिसळून, त्यात घाला आणि बोटांनी नुसते गोळा करा. मळू नका. पोळीच्या कणकेसारखा जोर लावलात तर तुपाचे पाझर सुटतील.

गोळे तोलून, दोन तळहातांत हलकेच वळून, किंचित दाबून चपटे करा. वरती चाकूने फुलीसारखी उथळ खूण करा आणि पत्रा अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. ओव्हन 325 अंश फॅरनहाइटला, म्हणजे साधारण 160 अंश सेल्सियसला, निदान 20 मिनिटे आधी तापवून ठेवा. पंख्याचा ओव्हन असेल तर 25 अंश फॅरनहाइटने कमी करा. आता तो एकसष्टावा गोळा एकटाच आत घाला. तो पसरून भाकरीसारखा झाला, तर उरलेल्या पिठात दोन चमचे मैदा मिसळून गोळे पुन्हा थंड करा. तो न पसरता टेकडीसारखा राहिला आणि कोरडा तडकला, तर एक चमचा तूप घाला. भट्टीवाल्या काकांचे बोट तुमच्याकडे नाही. त्याची जागा हा गोळा घेईल. वरती बारीक भेगा पडल्या, तर मात्र त्याला दोष समजू नका. भेगा हीच नानकटाईची ओळख आहे.

तुमच्याकडच्या नेहमीच्या मोठ्या पत्र्यावर, पार्चमेंट कागद घालून, 4 ओळींत 5 याप्रमाणे 20 नग ऐसपैस बसतात. म्हणजे तीन खेपा. पत्रा मधल्या खणात, एका वेळी एकच. 18 ते 20 मिनिटांत खालची बाजू फिकट बदामी होते आणि वरची जवळजवळ पांढरीच राहते. वरून रंग येण्याची वाट पाहिलीत, तर आतून कडक होईल. काळ्या रंगाचे पत्रे खालून लवकर जाळतात, म्हणून फिकट रंगाचा असेल तो घ्या, आणि गरम पत्र्यावर पुढची खेप मांडू नका, नाही तर ओव्हनमध्ये जाण्याआधीच तूप वितळेल.

सजावटीसाठी तुम्ही पिस्त्याचे काप लावायचे म्हणता. या डब्यासाठी ते टाळावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. अमेरिकेत सुकामेव्याची आणि शेंगदाण्याची ॲलर्जी हा घरोघरी गांभीर्याने पाळला जाणारा विषय आहे. बाजारातील पाकिटबंद खाद्यपदार्थांवर दूध, अंडी, मासे, कोळंबी-खेकड्याचा वर्ग, सुकामेवा, शेंगदाणे, गहू, सोयाबीन आणि 1 जानेवारी 2023 पासून तीळ, असे 9 घटक जाहीर करणे तिथे कायद्याने बंधनकारक आहे. घरगुती देवाणघेवाणीला तो नियम लागू नसला, तरी लोक कार्ड वाचताना तीच सवय मनात ठेवून वाचतात. तुमच्या कार्डावर गहू आणि दूध (तूप) स्पष्ट लिहा, अंडे नाही हेही लिहा, आणि बेसन म्हणजे हरभऱ्याच्या डाळीचे पीठ हे आवर्जून लिहा, कारण शेंगदाण्याचे वावडे असलेल्या काही जणांना इतर कडधान्येही चालत नाहीत. तुमच्या मिक्सरच्या भांड्यात एरवी दाण्याचे कूट होत असेल, तर ती गोष्टही एका ओळीत सांगणे प्रामाणिकपणाचे होईल. या घरातून त्या घरात पदार्थ जातो, आणि तो कोणाचे मूल खाणार हे आपल्याला ठाऊक नसते.

आता सासूबाईंचा प्रश्न. त्यांना हे ‘व्यवहार’ म्हणून न सांगता दिवाळीच्या फराळाच्या ताटांसारखे सांगून पाहा. शेजारी ताट पाठवताना समोरून काय येईल याचा हिशोब आपण केला नाही, आणि आलेले ताट रिकामे परत पाठवले नाही. निदान चमचाभर साखर तरी घातली. गोव्यात ख्रिस्ती घरांतून नाताळात नेवऱ्या, कुलकुल, दोदोल यांचे ताट हिंदू शेजाऱ्यांकडे जाते आणि दिवाळीला तिकडून फराळ येतो. सासूबाईंनी हयातभर हेच केले आहे, फक्त त्याला इंग्रजी नाव नव्हते. अंड्याबद्दलचा त्यांचा आग्रह मात्र मोडायला लावू नका. तो त्यांचा अधिकार आहे. तुम्ही यजमानीण बाईंना आधीच एवढे कळवा, की आमच्या घरात दोघी जणी अंडे खात नाहीत, तरी कार्डांवर अंड्याचा उल्लेख असला तर सोयीचे होईल. कोणी बिनअंड्याचे करावे अशी अट घालू नका. मैदा, साखर आणि बटर एवढ्यावरच होणारे शॉर्टब्रेड त्या टेबलावर बहुधा कोणी ना कोणी आणतेच, आणि त्यात अंडे नसते. अंड्याखेरीज आणखी दोन गोष्टींकडे लक्ष ठेवा: मार्शमॅलो असलेल्या पदार्थांत जिलेटिन असते, ते प्राणिजन्य आहे, आणि काही जुन्या घरगुती कृतींत बटरऐवजी लार्ड म्हणजे डुकराची चरबी वापरतात. विचारायला संकोच करू नका. कृती विचारणे तिथे कौतुकच समजतात. बाकीच्या कुकीज तुमचे यजमान आणि मुलगी खातील, आणि सासूबाईंसाठी याच पिठाची वेगळी छोटी खेप आधी करून ठेवा, म्हणजे घरातला माणूस उपाशी आणि डबा शेजारी, असे होणार नाही.

नानकटाईऐवजी शंकरपाळे किंवा करंज्या न्याव्यात ही सासूबाईंची सूचनाही तुम्ही पत्रात लिहिली आहे; ती मला पटत नाही. करंजी प्रवासात फुटते, आणि तळलेल्या पदार्थाला आठवड्याने तेलाचा वास येतो; तो डबा पुढे पंधरा दिवस कोणाच्या तरी ओट्यावर राहणार आहे, हे धरून चालावे. बेसनाचे लाडू उत्तमच, पण त्यांना त्यांचा स्वतंत्र दिवस द्या.

शनिवारचा कार्यक्रम असेल, तर मंगळवारी किंवा बुधवारी भाजा. पूर्ण निवल्याखेरीज डब्यात भरू नका. आत राहिलेली वाफ सगळा खुसखुशीतपणा घालवते. 8 जणींसाठी 6-6 च्या 8 पुड्या वेगळ्या बांधा, तळाशी जाड कागद घाला, आणि नानकटाया उभ्या न लावता आडव्या, एकावर एक तीनपेक्षा जास्त न ठेवता मांडा. घरी आलेल्या कुकीजसाठीही हेच लक्षात ठेवा: मऊ कुकी आणि कुरकुरीत कुकी एका डब्यात ठेवल्या, तर मऊ कुकीतला ओलावा दुसरीत जातो आणि दोन्ही बिघडतात, पेपरमिंटच्या कुकीला तर स्वतंत्र डबा लागतो, नाही तर सकाळी वेलदोड्यालाही पुदिन्याचा वास येईल.

मिनेसोटात त्या दिवसांत पारा शून्याच्या बराच खाली असतो. डबा गाडीत अर्धा तास राहिला तरी नानकटाई गारठून कडक होते, आणि तशीच ती उबदार खोलीत उघडली, तर तिच्यावर लगेच दव धरते आणि ती सर्दावते. म्हणून यजमानीण बाईंच्या घरी पोचल्यावर पुड्या टेबलावर मांडायची घाई करू नका. डबा झाकण न काढता कोपऱ्यात ठेवा, अर्धा-पाऊण तास गप्पा मारा, डब्याला हात लावून पाहा, आणि पत्रा गार लागेनासा झाला की मगच तो उघडा.